चार सिम, सहा सिम

काळा पोलादी दंडगोल. लांबी साधारण अकरा सेंटिमीटर, व्यास अडीच इंच. एका तोंडातून आठ मिलिमीटर जाडीचा शाफ्ट बाहेर आलेला, त्यावर चावी बसवायला बारीक खाच. दोनच वायरी निघतात, एक लाल, एक काळी. अंगाला पंखा नाही, हवा आत जायला फटी नाहीत, लुकलुकणारा दिवा नाही. वजन सव्वा किलोच्या थोडं वर. पण पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात हमखास खाली जातो, कारण एवढ्याशा वस्तूत एवढं लोखंड असेल असं वाटत नाही. ही सिम मोटर. सीसीएल इंडस्ट्रियल मोटर या कंपनीच्या नावावरून तिला हे नाव पडलं. अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांनी करंट म्हणजे काय, टॉर्क म्हणजे काय, हे पुस्तकाआधी तिच्याकडून शिकून घेतलं आहे.

तिचं कार्यक्षेत्र म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन. डीन केमन या संशोधकाने १९८९ साली फर्स्ट ही संस्था काढली. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी स्पर्धेला आकार दिला आणि १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर गावी, एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आता दर वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला नवा खेळ जाहीर होतो आणि मुलं काही आठवड्यांत पन्नास-पंचावन्न किलोचा रोबो उभा करतात. गालिचा अंथरलेलं साडेसोळा मीटर लांब आणि सव्वाआठ मीटर रुंद मैदान, एका बाजूला तीन रोबो, दुसऱ्या बाजूला तीन, आणि सामना साधारण अडीच मिनिटांचा. मुंबईतूनही शाळकरी संघ या स्पर्धेत उतरलेले आहेत. आपल्याकडे रोबो स्पर्धा म्हटलं की इंजिनिअरिंग कॉलेजांची रोबोकॉन आठवते. २०१४ साली तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. तिथला रोबो वेगळा, नियम वेगळे. पण चाकांना मोटर किती लावायच्या, हा प्रश्न त्या मुलांनाही सोडवावाच लागतो.

सिम यायच्या आधी या स्पर्धेत मोटारींची सरमिसळ असे. बॉशच्या ड्रिलमधली मोटर, फिशर-प्राइसच्या मुलांनी बसून चालवायच्या खेळण्यातल्या गाड्यांची मोटर, मोटारगाडीच्या काचा वरखाली करणारी मोटर. स्पर्धेकडून आलेल्या पेटीत जे असेल त्यात भागवायचं. ड्रिलची मोटर दणकट होती, पण ती ड्रिलसाठी जन्मलेली. चाकाला जोडायची तर गिअरबॉक्सशी झटापट करावी लागे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सिम आली आणि चाकांचा भार हळूहळू तिच्याकडे गेला. पुढची जवळजवळ पंधरा वर्षं ‘रोबोचं चालणं’ म्हणजे सिम, असंच समीकरण होतं.

तिचा स्वभाव आकड्यांत सांगता येतो, आणि तो सांगायलाच हवा, कारण किती मोटर लावायच्या याचं उत्तर त्या स्वभावातच आहे. बारा व्होल्टवर मोकळी सोडली तर ती मिनिटाला सुमारे ५,३०० फेरे घेते आणि तीन ॲम्पिअरहूनही कमी करंट खाते. शाफ्ट घट्ट धरून ठेवला तर फेरे शून्य, करंट १३१ ॲम्पिअर आणि पीळ, म्हणजे टॉर्क, २.४२ न्यूटन-मीटर. या दोन टोकांच्या मध्ये एक सरळ रेषा आहे. जितका पीळ मागाल तितका करंट, त्याच प्रमाणात. निम्म्या वेगाला ती सर्वात जास्त काम करते, ३३७ वॉट. अर्ध्या अश्वशक्तीला थोडी कमी. तिच्यात लपवाछपवी नाही. ॲमीटरवर आकडा बघा, ती किती ओढते आहे ते कळतं. शिकणाऱ्या मुलांना अशीच मोटर हवी.

पण ती लाडकी झाली ती सोशीकपणामुळे. तिच्यानंतर काही वर्षांनी ७७५प्रो नावाची एक मोटर आली. वजन सिमच्या एक-तृतीयांशाहून कमी आणि कमाल ताकद ३४७ वॉट, म्हणजे सिमपेक्षा थोडी जास्तच. कागदावर सिमला उभं राहायला जागा नव्हती. तरी चाकांवर सिमच राहिली. ७७५प्रोच्या पोटात पंखा असतो आणि ती फिरत असली तरच तो पंखा फिरतो. रोबो रोबोला भिडला, चाकं थांबली, की पंखाही थांबतो, आणि मग काही सेकंदांत आतली तार जळते. सिमला पंखाच नसल्यामुळे तिचा पंखा थांबण्याचा प्रश्न येत नाही. तिची उष्णता तिच्या लोखंडात मुरते. लोखंड पुष्कळ आहे, त्यामुळे ती सावकाश तापते आणि सावकाशच निवते. सामना संपल्यावर तिच्यावर हात ठेवता येत नाही इतकी ती तापलेली असते, पण दुपारच्या सामन्याला पुन्हा तयार असते. संपूर्ण हंगामात सिम जळालेली मी फार क्वचित पाहिली.

सिम अशी सोशीक, त्यामुळेच तिच्याबद्दल एक गैरसमज पसरतो. एक इतकी चांगली, तर दोन अधिक चांगल्या, सहा त्याहून चांगल्या.

प्रश्न नेहमी सम संख्येतच येतो. रोबोच्या डाव्या बाजूला जितक्या मोटर तितक्याच उजव्या बाजूला, नाहीतर तो सरळ चालणार नाही. म्हणून दोन, चार, सहा, आठ. स्पर्धेकडून मिळणाऱ्या चाकांच्या सांगाड्यात दोन्ही बाजूंना एकेक गिअरबॉक्स असे आणि प्रत्येकावर दोन सिम बसत, म्हणजे चार. २०१२ साली नियमच चारचा होता. २०१३ मध्ये सहा सिम वापरायला परवानगी मिळाली आणि तीन मोटर बसतील असे गिअरबॉक्स बाजारात दिसू लागले. २०१४ चा खेळ धक्काबुक्कीचा निघाला. मोठा चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा, आणि लपायला जागा जवळजवळ नाहीच. त्या हंगामात ‘सहा सिम’ हे दोन शब्द पोरांच्या तोंडी अभिमानाने येत. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, खेळ असा होता की प्रतिस्पर्ध्याला शिवायचंच नव्हतं. त्या वर्षी सहा सिम घेऊन उभ्या राहिलेल्या रोबोंना ढकलायला कोणी नव्हतं.

मी अमेरिकेतल्या ज्या शालेय संघाबरोबर काम करत असे, तिथे वायरिंग सांभाळणारी एक मराठी घरातली मुलगी होती. पहिल्या बैठकीत तिने सरळ विचारलं, “काका, नियम सहा लावू देतो, तर आपण चार का लावतोय?” प्रश्न रास्त होता. ‘चार पुरतात’ हे उत्तर खरं असलं तरी ते उत्तर नाही. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो.

बॅटरी एकच असते. शिसं आणि आम्लाची, बारा व्होल्ट, अठरा ॲम्पिअर-तास, साधारण सहा किलोची. नियमाने दुसरी लावता येत नाही. तिला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. जाड वायरी आणि मुख्य ब्रेकर यांचा रोध त्यात मिळवला तर साधारण ०.०२ ओहम धरायला हरकत नाही. आकडा क्षुल्लक वाटतो. पण सिम पूर्ण अडली की तिचा रोधही ०.०९ ओहमच असतो. दोन सिम समांतर जोडल्या की तो निम्मा, चार जोडल्या की चौथाई. म्हणजे जितक्या मोटर वाढवाल तितका सगळा झगडा बॅटरीच्या त्या ०.०२ ओहमशी येऊन ठेपतो. विहीर एकच असेल तर तिच्यावर चाराचे सहा पंप केल्याने झरा वाढत नाही, पाणी मात्र लवकर तळाला जातं.

ताज्या बॅटरीचे १२.७ व्होल्ट धरून गणित केलं. रोबो भिंतीला टेकला आहे, चाकं फिरत नाहीत आणि पूर्ण जोर दिला आहे, असं मानायचं. दोन सिम मिळून सुमारे १९३ ॲम्पिअर ओढतात. चार ओढतात २९६. सहा ३६०. आठ ४०४. पीळ करंटच्या प्रमाणात असतो, तेव्हा हेच आकडे पिळाचेही समजायला हरकत नाही. दोनाच्या चार केल्या तर जोर दीडपट होतो. चाराच्या सहा केल्या तर मोटर दीडपट वाढतात पण जोर बावीस टक्केच वाढतो. सहाच्या आठ केल्या तर जेमतेम बारा टक्के. वजन मात्र प्रत्येक वेळी तेवढंच चढतं, अडीच किलोहून जास्त, शिवाय त्यांना चालवणारे दोन कंट्रोलर आणि त्यांच्या वायरी.

या हिशोबात आणखी एक आकडा होता आणि तो बघून ती मुलगी गप्प झाली. चार सिमनी २९६ ॲम्पिअर ओढले की बॅटरीच्या टोकांवर ६.८ व्होल्ट उरतात. सहा सिमनी ३६० ओढले की साडेपाच. २०१५ पासून या रोबोंचा मेंदू म्हणून रोबोरिओ नावाचा संगणक असतो, आणि व्होल्टेज ६.३ च्या खाली गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्या मोटारींचा पुरवठा तोडतो. व्होल्टेज पुन्हा ७.५ च्या वर येईपर्यंत. मुलं याला ब्राउनआउट म्हणतात. म्हणजे चार सिम पूर्ण जोर लावून काठावर उभ्या राहतात, सहा काठ ओलांडतात.

मैदानावर ब्राउनआउट बघवत नाही. रोबो जोर लावतो, अडखळतो, सुटतो, पुन्हा जोर लावतो, पुन्हा अडखळतो. नुसती चाकं थांबत नाहीत. वर उचललेला हात, चेंडू फेकणारं चाक, सगळं एकदम लुळं पडतं. प्रेक्षकांना वाटतं प्रोग्रॅम चुकला. चालवणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र कळतं की त्याने काही चुकीचं केलेलं नाही; त्याने फक्त स्टिक पुढे ढकलली. आणि ज्या क्षणी जास्तीत जास्त जोर हवा असतो, समोरचा रोबो छातीवर येऊन भिडलेला असतो, नेमक्या त्याच क्षणी हे होतं.

मग सहा सिम लावणारे सगळे चुकले का? नाही. आणि हेही तितकंच आवर्जून सांगायला हवं, कारण ‘सहा म्हणजे नुसती हाव’ असं म्हणणारेही मला भेटले आहेत आणि त्यांनी गणित अर्ध्यावर सोडलेलं असतं.

समजा रोबोला सगळ्या मोटारींकडून मिळून पाच न्यूटन-मीटर पीळ हवा आहे. त्याला एकूण २७० ॲम्पिअर लागतात. चार मोटर असोत की सहा, मोटारींमधून जाणारा एकूण करंट तेवढाच. चार असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ६७ येतात, सहा असतील तर ४५. पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चारातली प्रत्येक सिम तेव्हा चारशेहून अधिक वॉट नुसती उष्णता करत असते; सहातली प्रत्येक १८५ वॉटच्या आसपास. निम्म्याहून कमी. तेच काम, तीच ढकल, पण मोटर निम्मीही तापत नाही, आणि तापण्यात वाया जाणारी वीज एकूण धरली तर एक-तृतीयांशाने घटते. सहा सिमची खरी देणगी ही आहे. त्या ताकद फारशी वाढवत नाहीत, त्या त्रास वाटून घेतात.

हा फरक सकाळच्या पात्रता सामन्यांत दिसत नाही. तेव्हा दोन सामन्यांच्या मध्ये तासभर सुद्धा मिळतो, सिम निवते. तो दिसतो बाद फेरीत. तिथे सामन्यामागून सामना येतो, मध्ये मोजकी मिनिटं मिळतात. मुलं रोबो पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागी, ओढत आणतात, कोणी बॅटरी बदलतं, कोणी पंखा लावतं, कोणी हवेचा डबा उलटा धरून थंडगार फवारा मोटारींवर मारतं. तापलेल्या तांब्याच्या तारेचा रोध वाढतो, वाढलेल्या रोधामुळे करंट घटतो, करंट घटला की जोर घटतो. चार सिमचा रोबो अंतिम सामन्यात सकाळपेक्षा मरगळलेला दिसतो, त्याचं कारण चालवणाऱ्याची दमछाक नसते. सहा सिमचा रोबो त्या वेळी टिकलेला असतो. दिवसभर ढकलाढकली हेच ज्याचं काम, बचाव हाच ज्याचा डाव, त्या संघाने सहा लावाव्यात. आणि त्यांच्यावर करंटची मर्यादा घालावी. टॅलन एसआरएक्ससारख्या कंट्रोलरमध्ये ती सोय होती. मर्यादेत ठेवलेल्या सहा सिम काठ ओलांडत नाहीत आणि तापतही नाहीत. मोकाट सोडलेल्या सहा सिम मात्र बॅटरीला खाली बसवतात.

एक अडचण राहतेच, आणि ती साध्या जागेची आहे. त्या काळच्या वीज वाटपाच्या पेटीत चाळीस ॲम्पिअरच्या जागा आठच असत. बाकीच्या आठ वीस-तीस ॲम्पिअरच्या. सहा जागा चाकांनी घेतल्या की दोन उरल्या. त्या दोनांवर रोबोने उचलायचं, फेकायचं, शेवटच्या वीस-तीस सेकंदांत दांड्याला धरून वर चढायचं. सामना गुण मिळवून जिंकतात, आणि गुण मिळतात ते उचलण्या-फेकण्याला. चालणं हे तिथवर पोचायचं साधन. ज्या संघाने चाकांना सहा मोटर दिल्या आणि मग चढायच्या यंत्राला दुबळी मोटर लावली, त्याने प्राधान्यक्रम उलटा लावला असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि या सगळ्या चर्चेत जिचं नाव उशिरा निघतं, खरं तर आधी निघायला हवं, ती गोष्ट म्हणजे गिअरचं प्रमाण. बॅटरी आणि बाजूचे बंपर धरून रोबोचं वजन सुमारे ६८ किलो. रबरी चाक आणि गालिचा यांचा घर्षणांक १.१ च्या आसपास. म्हणजे रोबो जास्तीत जास्त पंचाहत्तर किलो वजनाइतका जोर लावू शकतो. त्यापुढे चाकं जागच्या जागी घसरतात. ही मर्यादा गालिच्याने घातलेली आहे. तुम्ही साठ सिम लावल्या तरी ती हलत नाही.

आता चाक चार इंची धरा. गिअरबॉक्स मोटरचे १२ फेरे आणि चाकाचा एक असा असेल, तर ती घसरण्याची मर्यादा गाठायला एकूण १८७ ॲम्पिअर पुरतात. बॅटरी नऊ व्होल्टवर राहते, मेंदू शाबूत, चारही सिम प्रत्येकी ४७ ॲम्पिअरवर निवांत. असा रोबो सामनाभर ढकलत राहू शकतो. पण त्याचा मोकळा वेग सेकंदाला २.३५ मीटर, मैदान पार करायला तो वेळ घेणार. उलट, वेगाच्या मोहाने प्रमाण ५.८ ला एक असं ठेवलं तर मोकळा वेग सेकंदाला ४.९ मीटर होतो, पण चाकं घसरायला लागणारा करंट ३८६ ॲम्पिअर. चार सिमना बॅटरीतून २९६ च्या वर काढता येत नाहीत आणि सहांना ३६० च्या वर. म्हणजे या गिअरवर चार काय नि सहा काय, ढकलताना चाकं कधी घसरणारच नाहीत. मोटर अडून राहतील, तापतील आणि बॅटरी बसेल. चारऐवजी सहा लावून वाईट गिअर सुधारत नाही. चांगला गिअर निवडला तर बहुतेक खेळांत चार पुरतात.

ज्यांना दोन्ही हवं ते दोन गिअरचा गिअरबॉक्स लावतात. हवेचा छोटा सिलिंडर गिअर बदलतो, धावताना वरचा, भिडताना खालचा. चांगला उपाय आहे, पण तो चालवणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून. भिडण्याच्या क्षणी खालच्या गिअरचं बटण दाबायला विसरणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. स्पर्धेकडून मिळणाऱ्या सांगाड्यात सहा इंची चाकं आणि १०.७१ ला एक हे प्रमाण असे. मोकळा वेग सेकंदाला चार मीटरच्या थोडा खाली. ते प्रमाण निवडणाऱ्यांनी सरासरी संघाचा विचार मनापासून केला होता. नव्या संघांनी त्याच्याशी छेडछाड न केलेली बरी.

त्या मुलीने पुढे काय केलं ते सांगतो. आम्ही चारच लावल्या. तिने प्रत्येक सामन्यानंतर करंटची नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि आलेख काढला. भिडताना रेषा कुठवर जाते, धावताना कुठवर, चढताना कुठवर. चाकांपेक्षा चढण्याच्या यंत्रानेच व्होल्टेज जास्त खाली नेलं होतं, कारण तो भार बॅटरी थकल्यावर, सामन्याच्या शेवटी येत होता. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. मग चढायचा वेग कमी केला, आणि अडखळणं थांबलं.

२०१९ च्या हंगामात निओ नावाची ब्रशविरहित मोटर आली. कार्बन नाहीत, त्यामुळे घासून झिजायलाही काही नाही. तिने सिमचाच आठ मिलिमीटरचा शाफ्ट ठेवला आणि बोल्टची भोकंही सिमच्याच जागी ठेवली, म्हणजे जुन्या गिअरबॉक्सवरून सिम उतरवायची आणि त्याच जागी निओ बसवायची. वजन ४२५ ग्रॅम, सिमच्या एक-तृतीयांश. कमाल ताकद ४०६ वॉट. चार सिम पाच किलोंच्या पुढे जात, चार निओ १.७ किलोत बसल्या. पुढच्या वर्षी फाल्कन ५०० आली, नंतर क्रॅकेन एक्स६०. क्रॅकेन पूर्ण अडवली तर कागदावर ३६६ ॲम्पिअर मागते. म्हणजे एकच मोटर, आणि सहा सिम मिळून बॅटरीतून जेवढं काढू शकत होत्या त्याहून जास्त मागणारी. बॅटरी मात्र तीच, अठरा ॲम्पिअर-तासांची, शिसं आणि आम्लाची.

आता बऱ्याच रोबोंना स्वर्व्ह पद्धतीची चाकं असतात. चार कोपऱ्यांत चार चाकं, प्रत्येक चाकाला एक चालवणारी मोटर आणि एक वळवणारी. त्यामुळे चालवायला किती, याचं उत्तर सांगाड्यानेच देऊन टाकलं: चार. वीज वाटपाच्या नव्या पेटीत चाळीस ॲम्पिअरच्या वीस जागा आल्या, जागेची कुचंबणाही संपली. पण सिमने विचारायला लावलेला प्रश्न संपलेला नाही, तो मोटारींच्या संख्येवरून करंटच्या मर्यादेवर सरकला. आजचं पोर ‘किती मोटर लावू’ असं विचारत नाही, ‘मर्यादा चाळीस ठेवू की साठ’ असं विचारतं. पहिल्या दिवशी तो आकडा अंदाजाने भरला जातो, आणि बॅटरी बसली की मग मोजायला सुरुवात होते.

स्पर्धेच्या रोबोंवरून सिम जवळजवळ उतरली आहे. ती आता सरावाच्या जुन्या रोबोंवर आणि नवीन मुलांना शिकवायच्या टेबलांवर असते. त्या कामाला मला तिच्याइतकी योग्य दुसरी मोटर दिसत नाही. तिला फक्त दोन वायरी आहेत, कंट्रोलरविना थेट बॅटरीलाही ती चालते, आणि चूक केली तरी ती लगेच जळत नाही. मुलाला दोन वायरी उलट जोडू द्याव्यात. ती उलटी फिरते, बस.

महाराष्ट्रात आता शाळाशाळांतून रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा निघत आहेत. तिथल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. मुलांनी ‘किती मोटर लावू’ असं विचारलं तर आकडा सांगू नका. त्यांना एक बॅटरी, एक मोटर, एक व्होल्टमीटर आणि एक ॲमीटर द्या. मोटर मोकळी असताना आणि भार असताना बॅटरीचं व्होल्टेज किती उरतं ते वहीत लिहू द्या. मग दुसरी मोटर जोडू द्या, आणि पुन्हा लिहू द्या. रोबो पहिल्यांदाच करत असाल तर चार मोटर लावा, गिअर जरा सावकाश ठेवा, आणि वाचलेलं वजन उचलणाऱ्या हाताला द्या.